हात किती जड असावा? मालिशचे प्रकार आणि त्यांचे गुण

मालिश झाल्यावर दोन दिवस अंग ठणकलं नाही तर पैसे वाया गेले, असं मानणारी माणसं आपल्याकडे पुष्कळ आहेत. ‘जरा जोर लावून कर रे’ हे वाक्य तालमीत, सलूनमध्ये आणि महागड्या स्पामध्येही सारखंच ऐकू येतं. जोर जितका जास्त तितका गुण जास्त, ही त्यामागची समजूत. प्रत्यक्षात मालिश एकाच जातीची नसते. नवजात बाळाच्या अंगावरून फिरणारा तळवा, शस्त्रक्रियेनंतर सुजलेल्या हातावरून सरकणारी बोटं, पैलवानाच्या मांडीत रुतणारं कोपर आणि बँकॉकमध्ये एखाद्याच्या पाठीला टेकलेला गुडघा, ही सगळी मालिशच. पण प्रत्येकीचं काम वेगळं, म्हणून प्रत्येकीचा दाबही वेगळा. हा फरक ओळखता आला की कोणत्या दुखण्याला कोणता हात हवा, ते ठरवणं सोपं जातं. म्हणून इथे मालिशचे प्रकार देशवार न मांडता हाताच्या वजनाप्रमाणे मांडले आहेत : सर्वांत हलक्या हातापासून सर्वांत जड हातापर्यंत.

कातडीखाली काय घडतं?

मोठ्या माणसाच्या अंगावर साधारण दीड ते दोन चौरस मीटर त्वचा असते आणि तिच्यात स्पर्श टिपणाऱ्या चेतातंतूंचं दाट जाळं असतं. दाब पडला की या तंतूंच्या टोकांवरची काही प्रथिनं दारासारखी उघडतात आणि संदेश मेंदूकडे निघतो. ही प्रथिनं शोधून काढल्याबद्दल आर्डेम पाटापुटियन यांना 2021 सालच्या वैद्यकशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचा मान मिळाला. हा पुरस्कार त्यांना डेव्हिड ज्युलियस यांच्यासोबत विभागून देण्यात आला.

सगळे तंतू एकसारखे नसतात. काही तंतू दाब, कंप, ताण यांची खबर झपाट्याने पोचवतात. केसाळ त्वचेत मात्र आणखी एका जातीचे तंतू आहेत. त्यांचा वेग अगदी मंद, सेकंदाला जेमतेम एक मीटर. हे तंतू सर्वाधिक जागे होतात ते त्वचेवरून सेकंदाला एक ते दहा सेंटिमीटर गतीने हात फिरला की. आई मुलाच्या पाठीवरून हात फिरवते तो वेग साधारण हाच. हा स्पर्श कुठे झाला यापेक्षा तो किती सुखाचा आहे, याची नोंद मेंदू या तंतूंवरून घेतो.

दुखऱ्या जागी आपण नकळत हात चोळतो, त्यालाही कारण आहे. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी 1965 साली मांडलेल्या सिद्धान्तानुसार स्पर्शाचे आणि वेदनेचे संदेश मज्जारज्जूत एकाच ठिकाणी येऊन मिळतात आणि स्पर्शाचा संदेश वेदनेची वाट काही अंशी अडवतो. या सिद्धान्तात पुढे बऱ्याच सुधारणा झाल्या, पण त्याचा गाभा टिकून आहे.

स्नायूंचं काय होतं? कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी 2012 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. अकरा तरुणांना दमेपर्यंत सायकल चालवायला लावली, मग त्यांच्या एकाच पायाला दहा मिनिटं मालिश केली आणि दोन्ही पायांच्या स्नायूंचे सूक्ष्म तुकडे तपासले. मालिश केलेल्या पायात दाह वाढवणारे संकेत कमी होते आणि पेशीतली ऊर्जाकेंद्रं नव्याने घडवणारे संकेत जास्त होते. लॅक्टिक आम्लात मात्र काहीही फरक नव्हता. ‘मालिशने साचलेलं आम्ल निघून जातं’ हे वर्षानुवर्षं सांगितलं जाणारं स्पष्टीकरण त्यामुळे निकालात निघालं. मालिशने शरीरातली ‘विषद्रव्यं’ बाहेर पडतात, हेही असंच. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात.

सर्वांत हलका हात : लसिकेचा निचरा

रक्ताला ढकलायला हृदय आहे. ऊतींमधला जादा द्रव परत नेणाऱ्या लसिकेला असा पंप नाही. तिच्या वाहिन्यांचं स्वतःचं आकुंचन, स्नायूंची हालचाल आणि श्वासोच्छ्वास यांवरच ती पुढे सरकते. स्तनाच्या कर्करोगात काखेतल्या गाठी काढाव्या लागल्या किंवा तिथे किरणोपचार झाले की ही वाट अडते आणि हात सुजून जड होतो.

यासाठी एमिल व्होडर आणि त्यांच्या पत्नी एस्ट्रिड या डॅनिश जोडप्याने 1930 च्या दशकात फ्रान्समध्ये काम करताना एक पद्धत घडवली. लसिकावाहिन्यांचं बारीक जाळं त्वचेच्या लगेच खाली असतं. हात जड पडला तर त्या चेपल्या जातात आणि उलटाच परिणाम होतो. म्हणून इथे बोटं स्नायूपर्यंत पोचतच नाहीत. ती फक्त त्वचा हलकेच ताणतात आणि सोडतात. आधी धडाकडची, सूज नसलेली वाट मोकळी करायची आणि मग हाताकडे यायचं, असा क्रम असतो. मालिश इथे एकटी पुरत नाही. दाब देणारी पट्टी किंवा बाही, व्यायाम आणि त्वचेची निगा यांच्या जोडीनेच ती उपयोगी पडते, आणि त्यातही मुख्य भार पट्टीवर असतो. हे शिकलेल्या फिजिओथेरपिस्टचंच काम आहे. सुजलेला हात घरी तेल लावून रगडणं घातक ठरू शकतं.

बाळाचं न्हाऊमाखू

महाराष्ट्रात बाळंतिणीच्या घरी बाळाला न्हाऊमाखू घालणारी बाई येते. ती पाय पसरून बसते, नडग्यांवर बाळाला घेते, कोमट तेलाने अंग चोळते आणि मग ऊन पाण्याने न्हाऊ घालते. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या या रिवाजाला आधुनिक अभ्यासाचा आधार मिळाला तो अपुऱ्या दिवसांच्या बाळांमुळे. अमेरिकेतल्या मायामी विद्यापीठाच्या टिफनी फील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1986 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. प्रकृती स्थिरावलेल्या अशा बाळांना रोज तीनदा, पंधरा-पंधरा मिनिटं, दहा दिवस मालिश आणि हातापायांची हालचाल दिली. या बाळांचं वजन इतरांच्या तुलनेत दररोज 47 टक्के अधिक वाढलं.

पुढच्या अभ्यासांत लक्षात आलं की अगदी निसटता, गुदगुल्या करणारा स्पर्श बाळांना रुचत नाही. हात हळू हवा, पण टेकलेला हवा. अशा मध्यम दाबाने मेंदूतून पोटापर्यंत जाणाऱ्या व्हेगस चेतेचं काम वाढतं आणि पचनाला मदत होते, असं फील्ड यांचं स्पष्टीकरण आहे.

आपल्या रिवाजातल्या काही गोष्टी मात्र सोडून द्यायला हव्यात. नाका-कानात तेल घालू नये, कारण नाकातलं तेल फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. छाती पिळून ‘दूध काढणं’ नवजाताला जंतुसंसर्ग देऊ शकतं. नाक दाबून ते सरळ होत नाही आणि डोकं दाबून ते गोल होत नाही. टाळूवर तेल लावायचं तर नुसतं लावावं, दाबू नये. मोहरीचं तेल नवजाताच्या नाजूक कातडीला बाधू शकतं. त्यापेक्षा खोबरेल बरं. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच सुरू करू नये.

अभ्यंग : तेलाचा हात

आयुर्वेदातल्या अभ्यंगात दाबापेक्षा तेलाला महत्त्व आहे. तेल लावलेला मातीचा घडा, चामडं आणि गाडीचा आस जसे टिकतात तसं शरीर टिकतं, असा दाखला चरकसंहितेने दिला आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात रोजच्या दिनचर्येत अभ्यंग सांगितला असून डोकं, कान आणि तळपाय यांवर विशेष भर दिला आहे. तो कोणी करू नये, हेही तिथेच सांगितलं आहे : कफाचा विकार झालेल्याने, नुकतंच शोधन म्हणजे शरीरशुद्धीचे उपचार घेतलेल्याने आणि अजीर्ण झालेल्याने. मालिश सर्वांना सर्व वेळी चालते असं आपले प्राचीन आचार्यही म्हणत नव्हते.

तेल बहुधा तिळाचं, कोमट केलेलं. लांब हाडांवर लांब हात, सांध्यांवर गोलाकार हात, पोटावरही हलका गोल हात, अशी साधी रीत. लावलेल्या तेलाचा बराचसा भाग त्वचेच्या वरच्या थरातच राहतो आणि तिथला ओलावा उडू देत नाही. थंडीच्या तोंडावर येणाऱ्या दिवाळीत अभ्यंगस्नान का रुजलं असावं, हे त्यातून उमगतं. तेलानंतरचं उटणं हे उद्वर्तनाचं घरगुती रूप. कोरडं चूर्ण चोळणाऱ्या या प्रकारात घर्षण जास्त असतं आणि आयुर्वेद ते कफ आणि मेद यांवर सांगतो. चरबी मात्र चोळून वितळत नाही. वजन उतरवायचं तर आहार आणि व्यायाम यांना पर्याय नाही.

काशाच्या वाटीने तळपायाला तूप किंवा तेल चोळणं हाही आपल्या घरांतला जुना उपाय. चोळता चोळता तूप काळं पडतं आणि ‘उष्णता निघाली’ असं म्हटलं जातं. कासं म्हणजे तांबं आणि कथील यांचा मिश्रधातू. काळेपणा मुख्यतः त्या धातूचा. पण म्हणून तळपाय चोळणं फुकट जात नाही. तळव्याला स्पर्शाची जाण फार तीव्र असते आणि झोपण्यापूर्वी दहा मिनिटं सावकाश चोळल्याने शरीर सैलावतं. पायावरचा प्रत्येक बिंदू एकेका अवयवाशी जोडलेला आहे, असं रिफ्लेक्सॉलॉजी म्हणते. त्या नकाशाला शरीररचनेचा आधार सापडलेला नाही. तळपाय दाबल्याने मिळणारा आराम खरा, यकृत सुधारल्याचा दावा खरा नाही.

मध्यम हात : स्वीडिश मालिश

हॉटेलात आणि स्पामध्ये सर्वाधिक दिली जाते ती स्वीडिश मालिश. तिच्याशी पेर हेन्रिक लिंग यांचं नाव जोडलेलं आहे. त्यांनी 1813 साली स्टॉकहोममध्ये व्यायामविद्येची संस्था काढली. या मालिशमधल्या हातांची शिस्तशीर वर्गवारी मात्र नंतरची आणि तिचं श्रेय बहुतेक अभ्यासक अ‍ॅमस्टरडॅमचे डॉक्टर योहान गेऑर्ग मेझगर यांना देतात. हे हात पाच : तळवा लांबवर फिरवणं, स्नायू कणकेसारखा मळणं, एका जागी घासणं, थोपटणं आणि कंप देणं. फिरवण्याने सुरुवात होते, अंग सैलावल्यावर मळणं आणि घासणं येतं, आणि शेवट पुन्हा फिरवण्याने होतो.

ताण, अस्वस्थता, उडालेली झोप, बैठ्या कामाने आवळलेले खांदे यांसाठी ही मालिश चांगली. गुडघ्याच्या संधिवातावरही तिचा अभ्यास झाला आहे. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात वेगवेगळ्या मात्रा देऊन पाहिल्या, तेव्हा आठवड्यातून एकदा साठ मिनिटं ही मात्रा सोयीची आणि गुणकारी ठरली. मालिशचीही औषधासारखी मात्रा मोजता येते, हे यातून पुढे आलं.

अंगठा आणि कोपर

जपानची शिआत्सू पद्धत कपड्यांवरून, तेलाविना, अंगठे आणि तळव्यांनी दाब देते. तोकुजिरो नामिकोशी यांनी तिला आजचं रूप दिलं आणि 1940 साली तोक्योत शाळा काढली. तिच्याही आधीची ‘अन्मा’ मालिश शतकानुशतकं अंध व्यक्तींच्या उपजीविकेचं साधन होती. सतराव्या शतकातल्या सुगियामा वाइची या अंध वैद्याने अंधांसाठी या विद्येच्या शाळा सुरू केल्या. आज जपानमध्ये अन्मा, मालिश आणि शिआत्सू यांसाठी राष्ट्रीय परवाना लागतो आणि त्यासाठी किमान तीन वर्षं शिकावं लागतं. बोटांच्या कसबाला तिथे मिळालेला हा मान आपणही द्यावा असा आहे.

त्याहून खोल जाते ती डीप टिश्यू मालिश. वरचे स्नायू सैल करून खालच्या थरांपर्यंत अंगठा, मूठ किंवा कोपर सावकाश नेलं जातं. तिच्या जवळचीच ट्रिगर पॉइंटची पद्धत. डॉक्टर जॅनेट ट्रॅव्हेल यांनी दाखवून दिलं की स्नायूतली एक ताठर, दुखरी गाठ दाबली तर वेदना दुसरीकडेच उमटते. मानेपासून खांद्याकडे उतरणाऱ्या स्नायूतली गाठ कानशिलात ठणका देते, तर ढुंगणाच्या स्नायूतली गाठ सायटिकासारखी पायात उतरते. पाठदुखीने त्रस्त असलेल्या जॉन केनेडी यांच्यावर त्यांनी उपचार केले आणि पुढे त्या राष्ट्राध्यक्षांच्या वैयक्तिक डॉक्टर झाल्या. हे पद भूषवणाऱ्या त्या पहिल्या महिला. या गाठी नेमक्या कशाच्या असतात यावर अजून वाद आहे. दुखतं तिथेच कारण असतं असं नाही, हा ट्रॅव्हेल यांचा धडा मात्र मालिश करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवण्याजोगा आहे.

तालमीतला हात

कोल्हापूरच्या तालमींत ताक, हळद, तेल, लिंबू घालून मऊ केलेली लाल माती आणि जोर-बैठकांइतकीच मालिशही मेहनतीचा भाग आहे. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, खासबाग मैदान उभं केलं आणि त्या काळापासून ही संस्कृती जोमात वाढली. पैलवान एकमेकांची मालिश करतात. मांड्या, पोटऱ्या, पाठ आणि दंड यांवर पूर्ण वजनाचा हात पडतो. हा हात पैलवानाला सोसतो, कारण त्याच्या हाडांवर कमावलेल्या स्नायूंची जाड गादी असते आणि मालिश करणारा रोज तेच अंग हाताळत असतो. सत्तरीतल्या आजोबांनी तोच हात मागू नये.

खेळाडूंवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला तर मालिशने धाव वाढते, उडी उंचावते किंवा ताकद वाढते असं दिसत नाही. कसून मेहनत केल्यावर एक ते तीन दिवस जे अंग दुखतं, ते मात्र काहीसं कमी होतं आणि लवचीकता थोडी वाढते. दुसऱ्या दिवशी पुन्हा आखाड्यात उतरायचं असलेल्या पैलवानाला ही थोडी मदतही मोलाची वाटते.

सर्वांत जड हात : गुडघा आणि पाऊल

थायलंडची ‘नुआद थाय’ जमिनीवरच्या गादीवर, सैल कपड्यांत, तेलाविना होते. मालिश करणारा अंगठा, कोपर, गुडघा आणि पाऊल वापरून दाब देतो आणि समोरच्याचं अंग ताणतो, वाकवतो, पिळतो. ही परंपरा आपला मूळ गुरू मानते तो बुद्धाचा आणि मगधाच्या बिंबिसार राजाचा वैद्य जीवक. एकोणिसाव्या शतकात राजा तिसरा राम याने बँकॉकच्या वाट फो मंदिरात ही विद्या शिलाफलकांवर कोरून घेतली, म्हणजे ती कोणालाही वाचून शिकता यावी. 2019 साली युनेस्कोने नुआद थायला मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिलं. सांधे आखडलेल्या पण एरवी धडधाकट माणसाला ती मोकळं करते.

केरळातल्या कळरीपयट्टू या युद्धविद्येत गुरू छताला टांगलेला दोर धरून पायांनी शिष्याच्या अंगाला तेल चोळतो. हिला ‘चविट्टी उळिच्चिल’ म्हणतात. इथे दोर महत्त्वाचा. किती वजन पावलावर सोडायचं आणि किती दोरावर तोलायचं, हे कसब वर्षानुवर्षं मुरल्यावर येतं. सर्वांत जड मालिशही वजन सावरणाऱ्यालाच साधते.

मग जोर किती?

या प्रश्नाचं चांगलं उत्तर सिअ‍ॅटल परिसरातल्या एका चाचणीने दिलं. ती 2011 साली प्रसिद्ध झाली. जुनाट कंबरदुखीच्या 401 रुग्णांचे तीन गट केले. एकाला दहा आठवडे साधी, आराम देणारी मालिश, दुसऱ्याला नेमक्या स्नायूंवर आणि सांध्यांवर काम करणारी खोल मालिश, तिसऱ्याला नेहमीचे उपचार. दहा आठवड्यांनी मालिशच्या दोन्ही गटांतल्या एक तृतीयांशाहून अधिक लोकांनी दुखणं खूपच कमी झाल्याचं किंवा गेल्याचं सांगितलं. नेहमीच्या उपचारांत हे प्रमाण पंचविसात एक होतं. साधी आणि खोल मालिश यांत मात्र ठळक फरक निघाला नाही. सहा महिन्यांपर्यंत गुण टिकला, वर्षभरात तो ओसरत गेला. आपल्याला मालिश मिळते आहे हे रुग्णांना ठाऊक होतं, ही अशा चाचण्यांची मर्यादा आहेच. तरीही दोन गोष्टी घेता येतात : गुण येण्यासाठी ओरडायला लागेपर्यंत दाबून घ्यायची गरज नाही आणि एकदाच घेतलेल्या मालिशपेक्षा ठरावीक अंतराने घेतलेली मालिश बरी.

हात लावू नये तेव्हा

एकाच पायाची पोटरी अचानक सुजली, गरम झाली, दुखू लागली तर ती चोळू नये. तिथल्या खोल शिरेत रक्ताची गाठ असू शकते आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. ताप, त्वचेचा संसर्ग, उघडी जखम, ताजं फ्रॅक्चर किंवा मुरगळ असताना मालिश टाळावी. हाडं ठिसूळ झालेल्यांनी आणि रक्त पातळ ठेवणारी औषधं घेणाऱ्यांनी जड हात घेऊ नये. मधुमेहाने पायाची संवेदना कमी झाली असेल तर गरम तेल आणि शेक यांनी नकळत भाजू शकतं. गरोदरपणात आणि कर्करोगाच्या उपचारांत डॉक्टरांच्या सल्ल्यानेच मालिश घ्यावी.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे डोकं धरून मानेला झटका देऊन ‘कडकन’ आवाज काढणं ही मालिश नव्हे. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या धमनीचा आतला थर त्याने फाटू शकतो आणि पक्षाघात होऊ शकतो. केस कापून झाल्यावर असा झटका कोणी देऊ लागला तर स्पष्ट नको म्हणावं. आणि दुखण्यासोबत हातापायांत मुंग्या, ताकद कमी होणं किंवा लघवी-शौचावरचा ताबा जाणं यांपैकी काही असेल तर मालिशवाल्याकडे न जाता थेट डॉक्टरांकडे जावं.

आपल्यासाठी कोणती?

झोप आणि ताण यांसाठी अभ्यंग किंवा स्वीडिश, बैठ्या कामाच्या मानदुखी-कंबरदुखीला आठवड्यातून एकदा मध्यम हात आणि सोबत व्यायाम, नेमक्या गाठीला प्रशिक्षित अंगठा, आखडलेल्या अंगाला थाय, शस्त्रक्रियेनंतरच्या सुजेला फिजिओथेरपिस्ट. घरी करायची तर तळपाय, पोटऱ्या आणि खांदे पुरेत. दाब असा असावा की दुखरी जागा कळावी, पण श्वास रोखून धरावा लागू नये. श्वास अडला म्हणजे स्नायू बचावासाठी आवळले आणि मग मालिश करणारा त्यांच्याशी झगडत बसतो.

मालिश करणाऱ्याने आधी ‘कुठे दुखतं, कोणता आजार आहे, कोणती औषधं चालू आहेत’ हे विचारलं पाहिजे. न विचारता जोर लावणाऱ्यापेक्षा हे विचारणारा हात अधिक विश्वासाचा. मालिश मधुमेह घालवत नाही, मणक्याची सरकलेली गादी जागेवर बसवत नाही. पण दुखणं हलकं करते, झोप आणते, घाबरं मन निवांत करते. म्हणून पुढच्या वेळी ‘जोर लाव’ म्हणण्याआधी आपल्याला काय होतं आहे ते नीट सांगावं आणि किती दाब द्यायचा ते जाणत्या हातावर सोपवावं.